सरा की वाईच

“सर, तिसऱ्यांदा स्प्रिंग बदलली. आता माझ्याच्यानं न्हाय व्हायचं,” गुंडू फिटर म्हणाला आणि त्यानं पाना पिशवीत टाकला.

सकाळचे अकरा वाजले होते. मैदानाच्या पश्चिम गॅलरीत आम्ही दोघंच होतो. नव्या निळ्या खुर्च्यांच्या रांगा खालपासून वरपर्यंत गेल्या होत्या. या खुर्च्यांची बैठक माणूस उठला की आपोआप वर मिटते. गॅलरी रिकामी होती, म्हणून बावीसशे खुर्च्या मिटलेल्या होत्या. ड-४१ तेवढी उघडी होती.

“अहो, खुर्चीच खराब असेल,” मी म्हणालो.

“खुर्चीबी बदलली की काल. चाळीसची हितं आणली, हितली चाळीसला लावली. चाळीस मिटती, ही मिटंना.” त्यानं आवाज खाली आणला. “खालनं हात घालून उचलाय बघितली. उचलंना. वजन हाय वो तिच्यावर.”

गुंडू हुपरीचा. निम्मं आयुष्य चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडण्यात गेलेलं, त्यामुळे त्याच्या हाताला चूक माहीत नाही. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे मला भूत माहीत नाही. मग ऊन लागलं की प्लास्टिक प्रसरण पावतं, असं मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली, पिशवी उचलली, आणि जवळचा जिना ड-४१ च्या समोरून होता म्हणून अख्खी रांग उलटी चालत पलीकडच्या जिन्यानं उतरला.

आमच्या स्टेडियमबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण बाहेरच्या माणसाला ते पटत नाही. हे स्टेडियम सरकारचं नाही, महापालिकेचं नाही, कुठल्या साखर कारखान्याचं नाही. सहा तालमींचं आहे. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे, पेठेची फुटबॉल टीमही तिचीच. पन्नास वर्षांपूर्वी सहा तालमींनी आपापली भांडणं बाजूला ठेवली (नंतर ती जागच्या जागी परत आणली, ते सोडा) आणि अकराशे घरांनी श्रमदान करून ही गॅलरी बांधली. प्रत्येक घरानं खाणीतून आपला दगड आणला, घडवला आणि बसवला. ज्याचा दगड त्याची जागा. पण ती नावापुरती. मॅचच्या दिवशी चौघांच्या दगडावर सहा जण बसत, आणि सातवा आला की तो एकच शब्द बोलायचा. सरा. आमदार असो नाहीतर हमाल असो, सरा म्हटलं की सरायचं. आमची गॅलरी भरली असं कधी कुणी म्हटलं नाही, कारण एकाची जागा कायम निघायची.

हा शब्द सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणायचा, तर आकाराम खाडे. तो आमच्या तालमीचा गोलकीपर. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खेळ सुटला, मग मैदानाचा गेटमन झाला. कुणी उशिरा आलेला जिन्यात ताटकळताना दिसला की खालून आवाज यायचा, “सरा की वाईच, पावणं उभं हायती.” त्या आवाजाला माईक लागत नसे. त्याच्या घरचा दगड ड रांगेत होता. ड-४१ त्याच दगडावर बसवली आहे.

एकोणीस सालच्या महापुरात पंचगंगेचं पाणी मैदानात शिरलं आणि गोलपोस्टच्या आडव्या दांडीला टेकलं. पलीकडच्या गोठ्यात गवळ्याच्या नऊ म्हशी बांधलेल्या राहिल्या होत्या. त्यांची दावी कापायला आकाराम पोहत गेला. नऊच्या नऊ म्हशी परत आल्या. आकाराम आला नाही.

अकराव्या दिवशी शिरोळकडून फोन आला. पाणी ओसरल्यावर उसाच्या फडात एक माणूस सापडला होता. आकारामच्या बायकोला घेऊन टेम्पोनं मी गेलो. इतके दिवस पाण्यात राहिल्यावर माणसाचं जे होतं ते झालेलं होतं. ती पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, “माझा माणूस न्हवं ह्यो.” मला उजव्या गुडघ्यावर एक रेघ दिसली होती. टाक्यांची असेल, उसाच्या पात्यानं कापलेली असेल. मी काही बोललो नाही. त्या माणसावर बेवारस म्हणून अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही, आणि ते मला बोचतं.

ही त्याची बायको म्हणजे आक्का. नाव मालन, माहेर गारगोटीकडचं, पण मैदानावर सगळे आक्काच म्हणतात. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, तरी मीही आक्काच म्हणतो. पुरानंतर महिनाभरानं ती आपण होऊन आली आणि नवऱ्याच्या स्टुलावर बसली. त्याला सात वर्षं झाली. ती तिकिटं फाडते, भांडणं सोडवते, मॅच संपली की गॅलरी झाडते. त्यांना मूलबाळ नाही. कुणी आकारामचा विषय काढला, तर तो बाजारात गेल्यासारखं त्याच्याबद्दल बोलते.

या वर्षी नोव्हेंबरात दक्षिण आशियातल्या मुलींच्या फुटबॉलची स्पर्धा आमच्या मैदानावर आली. पाच देशांच्या टीम येणार म्हटल्यावर पेठेत दिवाळी दोनदा झाली. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हटली की नियम आले. दगडावर माणसं बसवायची नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची, खुर्चीला नंबर, नंबराला नाव. मग आमच्याच हातांनी घडवलेल्या दगडांना भोकं पाडून खुर्च्या ठोकल्या. प्रत्येक सभासद घराला एक कायमची खुर्ची मिळणार होती. मी संस्थेचा चिटणीस, त्यामुळे अर्जाचा नमुना मीच तयार केला. त्यात एक रकाना होता. सभासद हयात की मयत. हयात असेल तर त्यानं स्वतः येऊन पाससाठी फोटो काढायचा. मयत असेल तर मृत्यूची तारीख लिहून वारसानं सही करायची. दोन्ही नसेल तर खुर्ची पाहुण्यांच्या वाट्याला.

आक्काला मी ऑफिसात बोलावलं.

“एक सही करा. खुर्ची तुमच्या नावावर होईल. नाहीतर तुमच्या घरची जागा जाईल, आक्का.”

“काय लिव्हायचं हाय?”

“मयत.”

तिनं कागद उलटसुलट करून बघितला. “आन् हयात लिव्हलं तर?”

“तर त्यांना फोटो काढायला यावं लागेल.”

“येत्यात की ते. पर फोटूत येतील का न्हाय, ठावं न्हाय.”

मी चिडलो. सात वर्षं पत्ता नसला की कायदासुद्धा माणूस गेला असं धरतो, हे मी तिला जरा आवाज चढवूनच सांगितलं. ती शांतपणे उठली. “कायद्याला काय हुतंय धराय,” ती म्हणाली. “त्यानं कुटं त्येंच्यासंगं संसार केलाय.”

अर्ज माझ्या टेबलावर तसाच राहिला. ड-४१ उघडी ती उघडीच राहिली. स्पर्धा सुरू झाली.

या स्पर्धेसाठी गेटवर फिरती दांडी बसवली होती. दांडी ढकलून एकेकानं आत जायचं. दर फेऱ्याला टिक असा आवाज होतो आणि यंत्रावरचा आकडा एकानं वाढतो. पहिल्या दिवशी फाटलेली तिकिटं आणि पास मिळून तीन हजार चारशे बारा झाले. यंत्रावर तीन हजार चारशे तेरा. दुसऱ्या दिवशीही एक जास्त. तिसऱ्या दिवशीही एकच. गणिताच्या माणसाला शंभराची चूक परवडते, ती सापडते तरी. रोज न चुकता होणारी एकाची चूक फार वाईट.

स्पर्धेचे मुख्य निरीक्षक बाहेरगावचे होते. मनानं वाईट नव्हते, पण आकड्याचे पक्के होते. “तुमची गेटवाली बाई रोज कुणाला तरी फुकट सोडते,” ते मला म्हणाले. “फायनलला ती मला गेटवर नको.”

आक्का बिनतिकिटाचं कुणाला सोडेल, हे शक्य नव्हतं. तिनं एकदा खुद्द मला अडवलं होतं. तेव्हा चौथ्या दिवशी, सेमीफायनलला, मी स्वतः गेटवर खुर्ची टाकून बसलो. मॅच तीनला होती. पावणेतीनपर्यंत रेटारेटी चालली. दहा मिनिटं कमी असताना गर्दी आटली. रस्ता मोकळा झाला. समोरच्या पानटपरीवाल्यानंही शटर ओढलं आणि तो आत आला. ऊन अगदी स्वच्छ होतं. वाऱ्याचा लवलेश नव्हता. मी यंत्राकडे बघत होतो आणि माझ्यापासून दोन हातांवर दांडी फिरली. सावकाश फिरली. टिक असा आवाज झाला.

दांडी फिरण्याच्या आधी, स्टुलावर बसलेल्या आक्कानं आपले पसरलेले पाय आत ओढून घेतले होते. वाटेनं माणूस जाताना आपण घेतो तसे.

गाळाचा वास आला. पुरानंतर भिंतींना महिनाभर येत राहतो तो. भर उन्हात अंग गार पडतं म्हणजे काय ते मला साठीनंतर कळलं.

“आक्का,” मी विचारलं, “कोण गेलं आत्ता?”

ती फाटक्या तिकिटांचे तुकडे गोळा करत होती. “ह्याच टायमाला येत्यात रोज. मॅच चुकवत न्हाईत. एरवी नुसती जागा धरून ठेवत्यात.”

“दिसतात तुम्हाला?”

“न्हाय वो सर,” ती म्हणाली. “दिसलं असतं तर घरला न्हेलं नसतं का?”

मी तसाच जिना चढून वर गेलो. ड-४१ उघडी आणि रिकामी होती. तिच्या डावी-उजवीकडचे दोघं आपापल्या खुर्चीत जरा बाहेरच्या अंगाला कलून बसले होते. मधल्या माणसाला खांदा लागू नये म्हणून बसतात, तसे. “असे का बसलात?” मी एकाला विचारलं. “कसं?” तो म्हणाला. त्याला आपण कसे बसलोय ते ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी निरीक्षकांना मी सांगितलं की यंत्रात दोष आहे, बाईत नाही, आणि फायनलला गेटवर तीच बसेल. त्यांनी नाइलाजानं होकार दिला. यंत्रात काही दोष नव्हता.

फायनल आपल्या मुलींची नेपाळच्या मुलींशी होती. अडीच वाजताच गॅलरी गच्च भरली. तीनला चार मिनिटं असताना एक बाई गेटवर आली. अंगावर शाल, छातीशी पिशवी, पायात धुळीनं माखलेले बूट. नेपाळच्या गोलकीपरची आई होती ती. तीन दिवस गाड्या बदलत आली होती आणि तिचा पास दुसऱ्याच कुणाच्या हाती पडला होता. निरीक्षकांनी गॅलरीकडे नजर टाकली आणि बोट दाखवलं. “ती एक रिकामी आहे ना, ड रांगेत? पाहुण्यांच्या वाट्याची. द्या यांना.”

नियम माझाच होता. मी तिला वर घेऊन गेलो.

बाई रांगेतून आत शिरली, खुर्चीपाशी पोचली आणि थांबली. मग तिनं खुर्चीला हात जोडले आणि ती मागे सरकली.

“यहाँ कोई बैठे हैं,” ती मला म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

मी “नाही, नाही, बसा” असं काहीतरी पुटपुटलो, पण ती बसेना. जिन्यात येऊन उभी राहिली. सुरक्षेचा माणूस म्हणाला, जिन्यात कुणाला उभं राहता येणार नाही, बाहेर जावं लागेल. खाली मैदानात टीम उतरल्या होत्या. नेपाळची गोलकीपर हातमोजे चढवत आमच्या गॅलरीतली एकेक रांग बघत होती. आई हात हलवत होती, पण पोरीची नजर भलत्याच ठिकाणी फिरत होती.

माझ्या मागून आक्काचा आवाज आला. मॅचच्या दिवशी गेट सोडून ती कधी वर आली नव्हती. कुणी तरी तिला कळवलं असावं.

“कुणाची आई?” तिनं विचारलं.

“त्या गोलकीपरची. बसायला जागा नाही त्यांना.”

आक्का खाली त्या पोरीकडे बघत राहिली. रेफरीनं दोन्ही कॅप्टनना मध्ये बोलावलं होतं. आक्कानं डोक्यावरून पदर घेतला, रांगेतून आत गेली आणि ड-४१ समोर उभी राहिली. नवऱ्याचं नाव ती आजवर घेत आलेली नाही, तेव्हाही घेतलं नाही.

“अवो,” ती म्हणाली. “सरा की वाईच. पावणं उभं हायती.”

काही झालं नाही. वरच्या रांगेत कुणी तरी खोकलं. आक्कानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. दगडाच्या गॅलरीत हे सोपं होतं. सरायचं आणि बसून राहायचं. या खुर्चीत सरायला जागाच नव्हती. तिच्या ते लक्षात आलं, आणि लक्षात आलेलं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी ते बघायला नको होतं.

“बास झालं आता,” ती अगदी हळू म्हणाली. “उठा.”

बैठक वर यायला लागली. जड अंगाचा माणूस दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून उठतो, तितक्या सावकाश वर आली आणि खट् करून मिटली.

दोन्ही बाजूंची माणसं आपोआप सरळ बसली. नेपाळच्या बाईनं पुढं होऊन बैठक खाली केली आणि ती बसली. खाली पोरीला आई दिसली, तिनं दोन्ही मोजे वर केले. शिट्टी झाली. आक्का जिना उतरत होती. जिना रिकामा होता, तरी ती एका कडेनं, शेजारी एका माणसाची वाट सोडून उतरत होती. खालच्या पायरीवर ती थांबली, तिनं शेजारी बघितलं, आणि उरलेलं अंतर मधोमध चालत गेली.

मॅचमध्ये काय झालं ते पेपरात आलंय. त्या दिवशीचा यंत्रावरचा आकडा मी बघितला नाही.

साडेपाचला मैदान रिकामं झालं. आक्कानं गॅलरी झाडली आणि ती ऑफिसात आली. दारात चपला काढल्या, हे एरवी ती करत नाही.

“सर, त्यो कागद द्या.”

“मी भरतो. तुम्ही सही करा फक्त.”

“न्हाय. मी लिव्हते.”

ती चौथी शिकलेली. अक्षर मोठं, एकेक काना सावकाश ओढायची. आधी आकारामचं नाव लिहिलं, दत्तू हे सासऱ्याचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. तोंडानं न घेतलेलं नाव लिहिताना तिचा हात अडखळला नाही. मयत लिहिलं. मग ती तारखेच्या रकान्याशी आली. महापुराची तारीख मला पाठ होती. ती सांगायला मी तोंड उघडलं.

“आज किती तारीख?” तिनं विचारलं.

मी सांगितली. तिनं तीच तारीख रकान्यात लिहिली.

“आक्का, तिथं पुराची तारीख लागते. ही आजची झाली.”

“व्हय,” ती म्हणाली. “पुरात न्हाय गेलं ते. आज उठलं.”

एकतीस वर्षं मी पोरांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या. त्या तारखेखाली मी चिटणीस म्हणून सही केली आणि शिक्का मारला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही. आक्का रडत नव्हती. तिनं पेन टोपण लावून मला परत दिलं.

“सर, उद्यापास्नं धा दिस मी गेटवर न्हाय,” ती म्हणाली. “सुतक हाय मला.”

मी बरं म्हणालो. स्पर्धा संपली होती, पाहुणे गेले होते, मैदानात येणारं-जाणारं कुणी नव्हतं. तरी ते दहा दिवस गेटवर मी बसलो.